परसांतील तळ्यांत नवा मासा

कोणती गोष्ट नीतीची आणि कोणती केवळ सोयीची, हें ठरवितांना आपली दृष्टि बहुधा मोठ्या गोष्टींकडे जाते. चोरी, खोटी साक्ष, दारू, बुडविलेलें कर्ज, यांविषयीं आपणांस शंका पडत नाहीं. परंतु आपल्या दाराशीं रोज घडणाऱ्या लहान गोष्टींतही नीतीचा संबंध असूं शकेल, हें सहसा मनांत येत नाहीं. अशाच एका लहान गोष्टीचा आज विचार करावयाचा आहे. आपल्या परसांत एक तळें आहे, त्यांत थोडे मासे आहेत, आणि त्यांत आणखी नवे मासे आणून सोडावे असें आपल्या मनांत आलें. तसें करण्यापूर्वीं कोणास कांहीं विचारण्याचें कारण आहे काय? तळें माझें, पैसे माझे, मासा मीं विकत घेतलेला. मग प्रश्न उरला कोठें?

प्रश्न उरतो, असें आमचें म्हणणें आहे. आणि तो कां उरतो हें रत्नागिरीकडील मनुष्यास समजावून सांगणें फारसें कठीण नाहीं.

आमच्या या जिल्ह्यांत परसांतलें तळें म्हणजे नेहमींच हौसेनें बांधलेला हौद नसतो. कोठें चिरे काढून झाल्यावर सोडून दिलेली चिरेखाण पावसानें भरते व तिचेंच तळें होतें. कोठें आंब्याच्या कलमांस पाणी मिळावें म्हणून कातळावर जाड कागद अंथरून शेततळें केलेलें असतें. कोठें घरामागें जांभ्या दगडानें बांधलेली जुनी विहीर असते, तर कोठें अंगणांत कमळें लावून त्यांत चार रंगीत मासे सोडलेली सिमेंटची टांकी असते. वैशाखांत पाहिलें तर हीं सर्व पाणीं एकमेकांपासून तुटलेलीं, आपापल्या धन्याच्या कुंपणाच्या आंत निवांत पडलेलीं दिसतात. परंतु मृग लागला म्हणजे सारेंच पालटतें. या किनाऱ्यावर वर्षास ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. जांभा पाणी पितो खरा, पण आषाढांत त्याचीही तहान भागते. मग चिरेखाण कांठोकांठ भरून वाहूं लागते. शेततळ्याच्या सांडीवरून पाणी खालच्या कुणग्यांत उतरतें, कुणग्यांतून पऱ्यांत जातें, पऱ्या काजळीसारख्या एखाद्या नदीस मिळतो, आणि काजळी भाट्याच्या खाडींतून समुद्रास जाते. म्हणजे आठ महिने जें तळें माझें होतें तें चार महिने साऱ्या गांवाचें होतें. आणि जो मासा मीं माझ्या तळ्यांत सोडला असें म्हणतों, तो खरें पाहतां मीं पऱ्यांतच सोडला. मध्यें थोडे दिवस गेले, एवढेंच.

आपल्या मालकीच्या जागेंतही आपण सर्व कांहीं मोकळ्या हातानें करीत नाहीं, हें शेतकऱ्यास शिकवावें लागत नाहीं. तरव्याची जमीन भाजावयाची झाली म्हणजे शहाणा मनुष्य आधीं वारा पाहतो. जमीन त्याची, पातेरा त्याचा, काडीही त्याचीच. तरी शेजाऱ्याची गवताची उडवी वाऱ्याच्या वाटेवर आहे हें तो विसरत नाहीं, आणि विसरला तर "माझ्या जमिनींत मीं आग लावली" हें त्याचें उत्तर कोणी मान्य करीत नाहीं. मासा सोडणें याच प्रकारचें आहे. भेद इतकाच कीं, जळण संपलें म्हणजे आग आपोआप विझते. मासा मात्र, त्यास पाणी मानवलें तर, वर्षानुवर्षें वाढतच जातो.

आतां तळ्यांत आधींपासून कोण आहे, याचा विचार करूं. आपण ज्यास रिकामें पाणी म्हणतों तें बहुधा रिकामें नसतें. पहिला मोठा पाऊस झाला म्हणजे नदींतले मासे प्रवाहाविरुद्ध चढून पऱ्यांत, कुणग्यांत, भरलेल्या खाचरांत अंडीं घालावयास येतात. आपण त्यांस चढणीचे मासे म्हणतों, आणि पुष्कळ वेळां अंडीं घालण्यापूर्वींच त्यांस टोपलींत भरतों. त्यांस कोणी विकत आणलें नाहीं, कोणी खाऊं घातलें नाहीं. तरी ते आपल्या आज्यापणज्यांच्या काळापासून ठरल्या वेळीं येत आले आहेत. त्यांच्याबरोबर बेडूक, खेकडे, चतुरांच्या अळ्या व इतर अनेक लहान जीव या पाण्यांत राहतात. सह्याद्रीच्या ओढ्यानद्यांत गोड्या पाण्याच्या माशांच्या सुमारें ३०० जाती आहेत, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक जाती पृथ्वीवर अन्यत्र कोठेंही नाहींत. शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांत आंबोली येथें हिरण्यकेशीच्या उगमाशीं एक लहानसा मासा आढळला, आणि तो शास्त्रास अगदीं नवा आहे असें २०२० साली प्रसिद्ध झालें. त्यास त्या ठिकाणावरूनच नांव देण्यांत आलें, व पुढल्याच वर्षीं राज्य सरकारनें ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. तेथें येणाऱ्या कितीएक लोकांनीं तो मासा डोळ्यांनीं पाहिलाही असेल. पण त्यास निराळें नांव असावें असें कोणास वाटलें नव्हतें. आतां कल्पना करा कीं, २०२० च्या पूर्वीं एखाद्या सद्भावी मनुष्यानें घरांतले दोनचार परदेशी मासे त्या पाण्यांत सोडले असते, आणि त्यांनीं त्या लहान माशाचीं अंडीं खाऊन टाकलीं असतीं. आपण काय गमावलें हेंही आपणांस कळलें नसतें. ज्या हानीची दादही कोणी मागूं शकत नाहीं, तिच्याविषयीं मनुष्यानें अधिक जपावें, असें आम्हांस वाटतें.

येथें कोणी म्हणेल, "मनुष्याच्या गरजेपुढें एका बोटभर माशाची काय मातबरी?" हा आक्षेप पोकळ नाहीं, आणि त्यास उत्तर देतांना सर्वांत कठीण उदाहरणच घ्यावें हें प्रामाणिकपणाचें आहे. तें उदाहरण गप्पी माशाचें.

२० ऑगस्ट १८९७ रोजीं सिकंदराबाद येथें रोनाल्ड रॉस यांस डासाच्या शरीरांत हिंवतापाचा जंतु सांपडला. डास हा हिंवतापाचा वाहक आहे हें उघड झाल्यावर डासांच्या अळ्या खाणाऱ्या माशांचा शोध सुरू झाला. गप्पी मासा मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तरेकडील भागांतला. तो विसाव्या शतकाच्या आरंभीं हिंदुस्थानांत आला. त्याचाच एक दूरचा भाऊ गंबूशिया अमेरिकेंतून इटलीस गेला व तेथून १९२८ साली इकडे आणला गेला. हे मासे अंडीं घालीत नाहींत, जिवंत पिलेंच देतात. थोड्या पाण्यांत, घाण पाण्यांतही तग धरतात. आणि अळ्या आवडीनें खातात. आजही आरोग्य खात्याची माणसें गांवोगांवच्या टांक्यांत व डबक्यांत गप्पी मासे सोडतात. ज्या घरांत तापानें फणफणलेलें मूल आईच्या मांडीवर पडलेलें आहे, त्या घरापुढें उभें राहून बेडकाच्या पिलांची कैफियत मांडणें कोणासही जमणार नाहीं, आणि जमूं नये. परंतु हेच मासे ओढ्यांत शिरले म्हणजे इतर माशांचीं अंडीं व पिलें आणि बेडकांचीं पिलेंही खातात. गंबूशिया तर मोठ्या माशांचीं परेंही कुरतडतो.

मग निर्णय काय करावा? आमच्या मतें येथें दोन प्रश्न निराळे ठेवले पाहिजेत. पहिला प्रश्न असा कीं, गरज कोणती? मुलाचा जीव वांचविणें ही एक गरज, आणि तळ्यांत रंग दिसावा ही दुसरी इच्छा; दोहोंस एकाच मापानें मोजतां येत नाहीं. दुसरा प्रश्न असा कीं, ती गरज कोणत्या जागीं भागते? ज्या टांकीचें पाणी बाहेर वाहून जात नाहीं, ज्या बांधीव हौदांत दुसरे मासे नाहींत, तेथें गप्पी सोडला तर काम होतें आणि कोणाचें बिघडत नाहीं. तोच मासा वाहत्या पऱ्यांत सोडला तर अळ्यांचें काम तेथील मूळचे मासे आधींच करीत असतात, आणि नव्या माशानें केवळ त्यांच्या घरांत चोर शिरतो. म्हणजे गरज खरी असली तरी तिच्या नांवानें सर्व ठिकाणीं सर्व कांहीं करण्याची मोकळीक मिळत नाहीं. औषध विष होऊं नये म्हणून वैद्य जसा मात्रा पाहतो, तशीच येथें जागा पाहिली पाहिजे.

आतां या विषयांतील मुख्य गोष्टीकडे येऊं. मासा पाण्यांत सोडण्यास एक क्षण पुरतो. पण एकदां तो वाढला म्हणजे त्यास परत काढणें कोणाच्याही हातीं राहत नाहीं. जगांतील पुष्कळ कामांत चूक सुधारतां येते. बांध चुकीच्या जागीं घातला तर तो फोडतां येतो. वाईट बी पेरलें तर पुढल्या वर्षीं दुसरें पेरतां येतें. नदींत पसरलेला मासा मात्र कोणत्याही जाळ्यानें शेवटचा म्हणून धरतां येत नाहीं. याचे दाखले आपल्याच देशांत आहेत. चिलापी हा आफ्रिकेतील मासा १९५२ साली भारतांत आणला गेला. गरिबास स्वस्त अन्न मिळावें हा हेतु होता. तो तळ्यांतच पिलें देतो, पिलें तोंडांत धरून सांभाळतो, आणि इतक्या लौकर वाढतो कीं थोड्याच काळांत तळें बोटभर चिलाप्यांनीं भरून जातें. आज उजनीच्या जलाशयावर चिलापी हें नांव सर्वांस ठाऊक आहे. दुसरा दाखला हिमाचल प्रदेशांतील गोविंदसागराचा. तेथें १९७१ साली एका मत्स्यकेंद्रांतून पुराच्या पाण्याबरोबर चंदेरा मासे निसटून जलाशयांत गेले. कोणी मुद्दाम सोडले नव्हते. पाण्याच्या वरच्या थरांतील जें सूक्ष्म अन्न कटला खातो, त्याच्याच वांट्यावर चंदेरा जगतो. कांहीं वर्षांतच तेथील पकडींत चंदेऱ्याचाच भरणा झाला आणि कटला मागें पडला.

देशाबाहेरचा दाखला आफ्रिकेंतील व्हिक्टोरिया सरोवराचा आहे. त्यांत १९५० नंतरच्या दशकांत नाईल पर्च नांवाचा मोठा शिकारी मासा सोडण्यांत आला. पुढें त्याची संख्या अतोनात वाढली, आणि त्या सरोवरांतच आढळणाऱ्या लहान माशांच्या सुमारें २०० जाती नाहींशा झाल्या असा अंदाज आहे. पण गोष्ट येथें संपत नाहीं. त्या मोठ्या माशाचें मांस परदेशीं जाऊं लागलें, कारखाने निघाले, पुष्कळांस काम मिळालें. उजनीवरही कितीएक कुटुंबांची चूल आज चिलापीवर पेटते. मग या कामांस चांगलें म्हणावें कीं वाईट?

पुष्कळ लोक येथें तागडी घेऊन बसतात. एका पारड्यांत नफा, दुसऱ्यांत तोटा, आणि जें जड तें खरें. आम्हांस ही तागडी अपुरी वाटते. कारण नफा ज्यास झाला तो मनुष्य निराळा, आणि तोटा ज्यास झाला तो निराळा. माझ्या शेजाऱ्याच्या दहा रुपयांच्या हानीची भरपाई माझ्या वीस रुपयांच्या लाभानें होत नाहीं. ती तेव्हांच होईल, जेव्हां मी त्यास आधीं विचारीन आणि त्याचे दहा रुपये त्यास देईन. सरोवराच्या कांठीं लहान जाळ्यानें लहान मासे धरून पोट भरणाऱ्या मनुष्यास, मोठा मासा सोडण्यापूर्वीं कोणी विचारलें होतें काय? खालच्या वाडींतील जी म्हातारी पावसांत पऱ्यावर बसून सूप लावून कालवणापुरते मासे धरते, तिला वरच्या वाडींतल्या तळेवाल्यानें कधीं विचारलें आहे काय? जें काम परत फिरवितां येत नाहीं, तें करण्यापूर्वीं त्याचा भार ज्यांच्यावर पडणार त्यांस विचारणें, हें आमच्या मतें या सर्व प्रकरणांतील पहिलें कर्तव्य होय. आणि ज्यांस विचारतां येत नाहीं, म्हणजे पाण्यांतले मुके जीव व अद्याप न जन्मलेलीं मुलें, त्यांच्या वतीनें आपणच थोडें थांबून विचार करावा.

विचारण्याची लाज वाटते तेव्हां तें काम बहुधा करूंच नये, याचें उदाहरण आफ्रिकी मांगूर माशाचें आहे. कोणी त्यास थाई मांगूरही म्हणतात. हा मासा सरकारी परवानगीनें आला नाहीं. नफ्याच्या लोभानें चोरवाटेनें आला. तो हवेंतून श्वास घेतो, म्हणून थोड्या व घाण पाण्यांतही जगतो. पाऊस पडून जमीन ओली झाली म्हणजे तो सरपटत एका पाण्यांतून दुसऱ्या पाण्यांत जातो, आणि दुसरे मासे खाऊन टाकतो. भारत सरकारनें त्याच्या पैदाशीवर २००० साली बंदी घातली. तरीही लोक आडबाजूस तळीं खणून तो पोसतच राहिले, आणि राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशानंतर अशीं तळीं शोधून त्यांतील मासे नष्ट करण्याची पाळी महाराष्ट्र सरकारवर आली. पोसणाऱ्याचें भांडवल गेलें, माशांचा जीव गेला, आणि जे निसटले ते नदींत राहिलेच.

येथपर्यंत माशाच्या वाढीविषयीं बोललों. परंतु नवा मासा पिलें न देतांही हानि करूं शकतो, कारण तो एकटा येत नाहीं. त्याच्या अंगाबरोबर व त्याच्या पिशवींतल्या पाण्याबरोबर रोग येतात. १९८८ साली पूर्वेकडून भारतांत माशांचा एक व्रणरोग शिरला. पाण्यांतील बुरशीसारख्या जंतूपासून तो होतो. माशाच्या अंगावर तांबडे डाग उठतात, मग खोल जखमा होतात, आणि मासा मरतो. मरळीसारख्या आपल्या जुन्या माशास तो फार बाधला. थोड्या वर्षांत तो बहुतेक प्रांतांत पसरला. केरळांत तो १९९१ साली पोहोंचला, तेव्हां जखमा पाहून लोकांनीं मासे घेणेंच सोडलें. तो रोग माणसास होत नव्हता, तरी निरोगी मासे धरणाऱ्या कोळ्याच्याही टोपल्या बाजारांत तशाच पडून राहिल्या. ज्याच्या तळ्यांत रोग नव्हता त्यासही त्याचा दंड भरावा लागला. यावरून दिसतें कीं, आपल्या परसांतील निष्काळजीपणाची किंमत पुष्कळ वेळां ज्यास आपण ओळखतही नाहीं असा मनुष्य देतो.

आतां नव्या माशाकडेही पाहिलें पाहिजे. आतांपर्यंत तो जणूं आरोपी म्हणून उभा आहे. पण तोही एक जीव आहे, आणि तो आपल्या मर्जीनें आलेला नाहीं. ज्यास आपण घरीं आणलें त्याच्याविषयींही आपलें कर्तव्य आहे. पुष्कळ लोक बाजारांतून पिशवी आणतात, तोंड सोडतात आणि मासे धपकन तळ्यांत ओततात. पिशवींतलें पाणी ऊन, तळ्याचें गार. शिवाय जांभ्याच्या जमिनींतलें पाणी बहुधा आम्लधर्मी असतें व मासा ज्या पाण्यांत वाढला तें निराळें असतें. या एकदम पालटानें मासा बधिर होतो, आणि दोनचार दिवसांत मेला म्हणजे आपण विकणाऱ्यास दोष देतों. वास्तविक पिशवी बंद ठेवून सावलींत पंधरावीस मिनिटें पाण्यावर तरंगत ठेवावी, म्हणजे दोन्ही पाण्यांची ऊब सारखी होते. मग तोंड उघडून नव्या जागेचें थोडें थोडें पाणी पिशवींत घालावें, आणि शेवटीं मासे हातजाळीनें उचलून सोडावे. पिशवींतलें पाणी तळ्यांत ओतूं नये, तें झाडास घालावें.

आणि ही पहिली जागा म्हणजे तळें नव्हे. नवे मासे निदान दोन ते तीन आठवडे निराळ्या टांकींत ठेवावे. त्यांची जाळी व बादली निराळी असावी. टांकींत घेण्यापूर्वीं शंभर भाग पाण्यांत दोन ते तीन भाग मीठ विरघळवून त्यांत त्यांस थोडा वेळ बुडवावें, आणि मासा कलूं लागतांच साध्या पाण्यांत घ्यावें. यानें अंगावरचे पुष्कळ किडे गळतात. त्या काळांत डाग, फाटलेलीं परें, अंग घांसणें, अन्न टाकणें, असें कांहीं दिसलें तर मूळच्या माशांत त्यांस मिसळूं नये. किती मासे आणावे यालाही मर्यादा आहे. रात्रीं पाण्यांतल्या वनस्पतीही प्राणवायु घेतात, म्हणून पहाटेस तो सर्वांत कमी असतो. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझांप करूं लागले तर त्या पाण्यांत आधींच गर्दी झाली आहे असें समजावें, आणि नव्या पाहुण्यास बोलावूं नये. या सर्व गोष्टींत थांबावें लागतें, आणि थांबणें हेंच येथें दयेचें रूप आहे. तें नव्या माशावरही दया करतें आणि जुन्यावरही.

याच्या उलट, एक कृत्य दयेसारखें दिसतें पण दया नसते. शहरांतून सुटींत आलेल्या मुलांनीं कांचेच्या पेटींत पाळलेले मासे मोठे होतात, कंटाळा येतो, किंवा पेटी फुटते, मग घरचीं माणसें म्हणतात, "मारवत नाहीं, नदींत सोडून देऊं." कांच चाटून साफ करतो म्हणून हौसेनें घेतलेला सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेंतला, असाच सोडला जाऊन तो आज आंध्राकडील तळ्यांत व कलकत्त्याच्या पूर्वेकडील भेरींत जाळीं फाडीत फिरत आहे. ज्यानें तो सोडला त्याच्या मनास हलकें वाटलें. पण त्याच्या मनावरचा भार कोळ्याच्या जाळ्यावर गेला. पाळलेला जीव नकोसा झाला तर दुसऱ्या पाळणाऱ्यास द्यावा, किंवा ज्यानें विकला त्यास परत द्यावा. आपलें ओझें नदीवर टाकून त्यास दान म्हणूं नये.

हें सर्व वाचून एखादा गरीब शेतकरी विचारील, "तर मग मीं शेततळ्यांत मासे पाळूंच नयेत काय?" तसें आमचें म्हणणें नाहीं. कोरड्या महिन्यांत शेततळ्यांतून चार पैसे व घरांत कालवण मिळत असेल तर तें चांगलेंच आहे. मात्र कोणता मासा घ्यावा यांत विवेक पाहिजे. रोहू, कटला व मृगळ हेही कोंकणच्या पऱ्यांतले नव्हेत. ते मुळांत उत्तर हिंदुस्थानांतील मोठ्या नद्यांचे. पण साठलेल्या तळ्यांत ते आपण होऊन पिलें देत नाहींत. म्हणूनच पूर्वीं त्यांचें बीज पुराच्या वेळीं नदींतून गोळा करावें लागे, व त्यांत नको ते मासेही मिसळून येत. १० जुलै १९५७ रोजीं ओरिसांत अंगुल येथें डॉ. हिरालाल चौधरी यांनीं माशाच्या मस्तकांतील एका ग्रंथीचा अर्क टोंचून या माशांकडून अंडीं घालविलीं, तेव्हांपासून त्यांचें शुद्ध बीज मिळूं लागलें. ज्या माशाची संख्या तळ्याचा धनी जितकी सोडील तितकीच राहते, आणि जो मासा स्वतःच आपली संख्या ठरवितो, या दोहोंत मोठा फरक आहे. पहिल्याचा हिशेब देतां येतो, दुसऱ्याचा येत नाहीं. तरी पहिलाही निसटूं नये म्हणून सांडीस बारीक जाळी बसवावी व ती पावसाळ्यांत वरचेवर साफ करावी. आणि ज्या तळ्यांत वर्षानुवर्षें पऱ्याचें पाणी येतें जातें, तेथें बाहेरचा मासा मुळींच आणूं नये. बोटुकली ओळखीच्या केंद्रांतूनच घ्यावी. शंका असेल तर विचारावयास आपणांस दूर जावें लागत नाहीं; रत्नागिरीजवळ शिरगांव येथें १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे.

शेवटचा आक्षेप सर्वांत जुना आहे: "एकट्या माझ्यानें काय होणार?" आफ्रिकी मांगूर असो वा सकर असो, त्यांची आजची सारी पैदास कोणा तरी एकाच्या पिशवीपासून सुरू झाली, आणि त्याच्याही मनांत त्या दिवशीं हाच विचार असेल. जें काम सर्वांनीं मिळून करावें लागतें, तें एकट्यानें सोडलें तर कदाचित् चालतें. परंतु जें काम एकट्यानें बिघडतें, तेथें एकटा हा सर्वांइतकाच महत्त्वाचा आहे.

वाचकहो, आपल्यांतील पुष्कळांच्या शब्दास गांवांत मान आहे. कोणी शाळेंत शिकवितात, कोणी आजाऱ्याच्या घरीं जातात, कोणाकडे लोक सल्ल्यास येतात. पुढल्या वेळीं कोणी माशांची पिशवी घेऊन वाटेंत भेटला, तर त्यास रागें भरूं नका. त्याच्या तळ्याचें पाणी आषाढांत कोठें जातें, एवढेंच त्यास विचारा, आणि शक्य असल्यास त्याच्याबरोबर जाऊन तें पाणी पऱ्यापर्यंत पाहून या. वाटेवर कोणाचा कुणगा आहे, कोणाची विहीर आहे, खालीं कोण सूप घेऊन बसतें, हें त्यानें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें म्हणजे पुष्कळ उपदेशाची गरज राहणार नाहीं. मग पिशवी निराळ्या टांकींत रिकामी करावयाची, कीं परत न्यावयाची, हें तो आपण होऊन ठरवील.